गाठ कुणाची?

शेवगाव, ३ जुलै २०२५

चि. धनश्री हिला भागवतमामाचे आशीर्वाद. (घ्यायचे नसतील तर पाकिटातच राहू देत. खराब होत नाहीत.)

‘मामांना सांग, माझ्याबद्दल पुन्हा एक अक्षर लिहू नका,’ असं तू तुझ्या आईला, म्हणजे आमच्या सुरेखाला, फोनवर म्हणालीस. तिनं केडगावहून येऊन निरोप शब्दशः पोचवला, तुझा आवाज काढून पोचवला. मी त्यावर दोन दिवस विचार केला. तू ‘माझ्याबद्दल’ म्हणालीस, ‘मला’ म्हणाली नाहीस. म्हणजे तुझ्याबद्दल न लिहिता तुला लिहायची वाट मोकळी आहे. तीस वर्षं विभक्ती शिकवल्या, त्यांचा व्यवहारात हा पहिलाच उपयोग.

मोबाईलवर तू मला अडवलं आहेस हे कळायला चार दिवस लागले. आधी वाटलं, स्कॉटलंडातल्या तुमच्या त्या डंडी गावात लाइट गेली असेल. शेवगावावरून जग ओळखायची सवय. मग नववीतल्या एका मुलीनं माझा फोन पाहून सांगितलं, “सर, ब्लॉक केलंय तुम्हाला. फोटोपण गेला बघा.” तुझ्या शास्त्रात ह्यालाच अँटॅगोनिस्ट म्हणतात ना? निरोप दारापर्यंत येतो, पण दारात आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलेलं. धोतऱ्याच्या भाऊबंदांतून निघणारं ते ॲट्रोपिन मस्करिनिक जातीची पाचही दारं एकदम अडवतं, हे मी तुझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात वाचलं. निदान एखादं दार निवडून अडवायचं होतंस.

झालं ते तू तुकड्यातुकड्यांनी ऐकलं असशील. माझी बाजू एकदा सलग मांडू दे.

तिकडच्या परिषदेत तुझ्या पोस्टरला बक्षीस मिळालं. आता शेवगावच्या पोरीला पोस्टरसाठी बक्षीस मिळावं आणि खुद्द शेवगावात तिचं पोस्टर नसावं, हे बरं दिसतं का? इथं लोकांच्या कुत्र्याच्या वाढदिवसाला फ्लेक्स लागतात. मी गोरक्षनाथाच्या दुकानात मजकूर दिला आणि स्टँडसमोर दहा बाय वीसचा फ्लेक्स लागला. वर तुझा फोटो, खाली अक्षरं:

‘शेवगावची कन्या कु. धनश्रीच्या मज्जातंतूच्या गाठीच्या पेशींवर स्कॉटलंडमध्ये यशस्वी प्रयोंग. हार्दिक अभिनंदन!’

फ्लेक्स सकाळी नऊला लागला. साडेनऊला पहिला माणूस घरी आला. अभिनंदनाला नाही, धीर द्यायला.

ही सर्व गोरक्षनाथाची करणी. मी ‘मानवी मज्जातंतू’ असं लिहिलं होतं. त्यानं ‘मानवी’ गाळलं, आणि जगातल्या कुठल्याशा मानवाची गाठ तुझ्या डोक्यात जाऊन बसली. दुपारपर्यंत जामखेडचं स्थळ परत गेलं. (ह्याचं तुला फार दुःख झालं नसावं अशी माझी शंका आहे.) संध्याकाळपर्यंत शाळेत तुझ्यासाठी मृत्युंजयाचा जप ठरला. मी फ्लेक्स उतरवला, पण त्याचे फोटो जिल्हाभर फिरले.

तुला राग यावा हे योग्यच. पण आता तुझ्या आजीचं ऐक. आजीनं चहा सोडला आहे.

दिवसाला सहा वेळा चहा घेणारी बाई. ‘धनूची गाठ बरी हुईस्तवर च्या तोंडाला लावनार न्हाई,’ असं म्हणून तिनं आपला कप धुऊन फळीवर पालथा घातला. आज त्याला तीन आठवडे झाले. कपाळाला फडकं बांधून बसते आणि म्हशीशी भांडते. म्हैसही आता तिच्याकडे पाठ करून दूध देते.

मी हजारदा सांगितलं, आई, धनूला काही झालेलं नाही. म्हणते, “तू मला गप बसवाया सांगतोस.” सुरेखानं तिला तुझा व्हिडिओ कॉल लावून दिला, तेव्हा तू लोकरीची टोपी घालून बसली होतीस. तिकडे थंडी असते हे मला माहीत आहे. आजीनं फोन बंद केला आणि म्हणाली, “क्यास गेले पोरीचे.”

तुला समोर पाहून, डोक्यावर हात फिरवूनच तिची खात्री पटेल. आणि तू म्हणतेस की डिसेंबरात येणार नाहीस, कारण स्टँडपासून घरापर्यंत अख्खं शेवगाव तुझ्या डोक्यावर हात फिरवेल. दोघींचंही बरोबर आहे. मधल्यामध्ये चहा थांबला आहे.

तुझा,
भागवतमामा


शेवगाव, २४ जुलै २०२५

चि. धनश्री,

उत्तर आलं नाही. पोस्टातले म्हणतात, पत्र पोचायलाच पंधरा-वीस दिवस लागतात. त्यामुळे तू रुसली आहेस की टपाल रुसलं आहे, हे नक्की सांगता येत नाही.

मागच्या पत्रात मी गोरक्षनाथावर ठपका ठेवला होता. तो मागे घ्यावा लागतो आहे.

मी त्याच्या दुकानात गेलो, जरा चढ्या आवाजातच. “मानवी शब्द कुठं गेला?” गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या तो भिंतीवर तारेत ओवून ठेवतो. त्यातून माझी चिठ्ठी काढून त्यानं पुढ्यात ठेवली.

“दाखवा सर. कुठाय मानवी?”

नव्हता.

“बरं, नसेल. पण वाचून अर्थ काय होतोय ते तुला समजलं नाही का? एक फोन करायचास.”

“समजलं की. मला वाटलं, धनूताईला खरंच गाठ झालीय. लई वाईट वाटलं. म्हनून तर कडंला फुलं टाकली.”

“आणि हे ‘प्रयोंग’ काय आहे?”

“कागदात टिंब हाय, सर.”

मी चष्मा लावून पाहिलं. टिंब होतं. शाईचं नव्हतं. माशी बसून गेली होती.

“नववीत मी श्लोक उतरवताना एक काना जादा टाकला, तर तुमी मला तासभर बाकावर उभं केलं हुतं,” गोरक्षनाथ म्हणाला. “मूळ पाठात आपली अक्कल घालायची न्हाई, म्हनले. तवापासून न्हाई घालत.”

मक्षिकास्थाने मक्षिका! जुन्या पोथीत एक माशी चिकटून मेली होती, म्हणून नकल करणाऱ्यानं नव्या पोथीत त्याच जागी माशी मारून चिकटवली, ही गोष्ट सांगून मी तीस वर्षं मुलांना हसवत आलो. त्यातला एकजण ती गोष्ट इतकी मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. तुझ्या मस्करिनच्या नावातही माशीच आहे ना, लॅटिनातली मस्का? ते निघतं लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या त्या अळंब्यातून, जे पूर्वी दुधात कुस्करून माश्या मारायला ठेवत. मस्करिन तुझ्या वाट्याला आलं, मस्करी माझ्या.

दरम्यान इकडे आजीवर एक प्रयोग (अनुस्वाराविना) केला. म्हटलं, नुसतं ‘काही नाही’ म्हणून भागत नाही, तर तू नेमकं काय करतेस तेच तिला सांगू. तुझं पहिलं प्रकरण घेऊन गोठ्याच्या दारात बसलो. ती गवत टाकत होती.

“आई, शरीरात एक निरोप्या फिरत असतो. त्याचं नाव ॲसिटिलकोलीन.”

“नाव ठेवाया आत्या मिळाली न्हाई का त्याला?”

“ऐक तर. पेशीच्या अंगावर तो निरोप ऐकायचे कान असतात. पाच तऱ्हेचे. पहिला, तिसरा, पाचवा हे निरोप ऐकून पेशीला उठवतात. दुसरा आणि चौथा तिला बसवतात. निरोप तोच.”

आजीनं कंबर सरळ केली. “त्यात काय येवढं? मी दारात येऊन हाळी दिली का बैल उठतो, म्हस बसती, आन कुत्रं नुसतंच भुकतं. हाळी येकच. येवढं शिकाया पोरगी इलायतेला गेली?”

“कोणत्या पेशीला त्या पाचांतले कोणते कान आहेत आणि कोणत्या कानानं ती काय करते, ते धनू शोधते.”

“मंग ठीक हाय,” आजी म्हणाली. “ते आपल्याला म्हाईत न्हाई.”

मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. त्या भरात ॲट्रोपिन नावाचं औषध हे कान कसं झाकतं तेही सांगून टाकलं. मग ती आपणहूनच म्हणाली, “तुझ्या बापाला दवाखान्यात टोचलं हुतं, ते ह्यातलंच का?”

तुला आठवतं? तू सुट्टीत इथं होतीस, सहा-सात वर्षांची. आजोबा कपाशीवर फवारा मारून आले आणि ओट्यावर कोसळले. तोंडाला फेस, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. फवाऱ्याच्या विषानं निरोप पुसणारा गडीच मरतो आणि निरोपांचा खच पडतो, हे मला आत्ता तुझ्या प्रकरणामुळे कळतं आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी ॲट्रोपिन टोचायला घेतलं, बाहुल्या मोठ्या होऊन तोंडाला कोरड पडेपर्यंत टोचतच राहिले. आजोबा शुद्धीवर आले ते, “बायको, च्या टाक, घसा वाळला,” असं म्हणतच.

“म्हंजी त्या इंजिक्शनानं त्येंचं कान झाकलं,” आजी म्हणाली.

“हो.”

“धनूनं तवा इचारलं हुतं तुला. औषदाला कसं कळलं, कुठं जायचं?”

विचारलं होतंस. आणि मी उत्तर दिलं होतं, ‘औषधाला सगळं कळतं. झोप आता.’ संस्कृतात असं ठोकून देता येत नाही, निदान वृत्त तरी जुळवावं लागतं. तू त्या उत्तरावर झोपली नाहीस, स्कॉटलंडला गेलीस, ते बरं केलंस.

तर आजीला सगळं कळलं. मी म्हटलं, “मग आता टाकू चहा?” ती म्हणाली, “थांब. धनू त्या गाठीच्या पेशी पाळती. गाठ धनूची न्हाई, म्हनतोस. मंग कुनाची? गाठ काय झाडाला लागती?”

कप पालथाच आहे. गाठ कुणाची, तेवढं कळव.

भागवतमामा


शेवगाव, ११ ऑगस्ट २०२५

धनश्री,

आज चिरंजीव वगैरे काही लिहीत नाही. आज मी लहान आहे.

‘गाठ कुणाची’ असं तुला विचारून पत्र पेटीत टाकलं आणि घरी येताना वाटलं, ज्या माणसाशी आपण दोन पत्रं खोटं बोललो, त्याच्याकडे खरं उत्तर मागायचं कोणत्या तोंडानं?

‘मानवी’ मी लिहिलाच नव्हता. विसरलो असंही नाही. फ्लेक्सच्या आदल्या दिवशी मी तुला मजकूर विचारला होता आणि तू मोबाईलवर स्वच्छ मराठीत एक वाक्य पाठवलं होतंस. अजून आहे माझ्याकडे: ‘मानवी मज्जापेशींच्या गाठीपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरील मस्करिनिक ग्राहींचे उपप्रकार, ह्या विषयावरील धनश्रीच्या पोस्टरला पारितोषिक.’ खाली लिहिलं होतंस, ‘मामा, एवढंच लिहा. सुधारू नका.’

मी सुधारलं.

का, ते सांगतो. त्या वाक्यात तुझं नाव पार शेवटी, ‘पोस्टर’च्या आधी कुठंतरी अंग चोरून बसलं होतं. मला ते पहिलं हवं होतं. सगळ्यात पुढं, सगळ्यात मोठं, स्टँडवर उतरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर आदळेल असं. मी नाव उचललं, पुढं आणलं, त्याला ‘च्या’ लावला, आणि मागची अडगळ वाटली ती काढून टाकली. अडगळीतच गाठीचा मूळ मालक गेला.

षष्ठी. दरवर्षी दहावीला शिकवतो. ‘आईची आठवण’ म्हणजे आईला येणारी की आईविषयी येणारी? षष्ठी संबंध आहे एवढंच सांगते, कोणता ते सांगत नाही. तेव्हा मुलांनो, षष्ठी वापरताना सावध. मुलं वहीत उतरवून घेतात. मास्तरांनी उतरवून घेतलं नव्हतं.

आणखी एक आहे. हे सुरेखानं तुला सांगितलं नसावं, नाहीतर तू मला टपालातूनही अडवलं असतंस. शाळेतला तो मृत्युंजयाचा जप मी घेतला. हेडमास्तर म्हणाले, “सर, उच्चार तुमचेच शुद्ध, तुम्हीच सांगा.” त्या क्षणी ‘अहो, तिला काही झालेलं नाही, माझी षष्ठी चुकली’ एवढं म्हणायचं होतं. सहाशे मुलं हात जोडून उभी. मी तोंड उघडलं आणि जप सुरू केला. एकशे आठ वेळा. नसलेल्या गाठीसाठी. उच्चार मात्र निर्दोष होते.

वडिलांनी मला संस्कृताला घातलं ते मला नांगर सरळ धरता येत नव्हता म्हणून. तेव्हा तास वाकडा गेला तर सगळ्या शिवाराला दिसायचा. म्हटलं, भाषेत कुणाला दिसतंय!

आज परिपाठाच्या वेळी मी सगळ्या शाळेपुढं उभा राहिलो आणि चूक सांगितली. फळ्यावर वाक्य लिहून, विभक्ती सोडवून. मुलं फार हसली. गोरक्षनाथालाही जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “असू द्या सर. बाकावर उभं ऱ्हाता का?” आणि स्टूल पुढं सरकवलं.

आजीलाही सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिचा प्रश्न तोच: “ते झालं. पर गाठ कुनाची?” तिचं म्हणणं असं, की मी शब्द चुकवला असेल, पण गाठ तर खरी आहे. ती कुणालातरी झाली होती. त्याचं काय झालं?

राग ठेव. तो तुझा हक्काचा आहे. फक्त तिच्या प्रश्नाचं उत्तर दे.

मामा


शेवगाव, १६ सप्टेंबर २०२५

चि. धनश्री,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन वाचूनच आला होता, त्यामुळे उत्तर मला त्याच्या चेहऱ्यावर आधी कळलं.

‘मामा, चार वर्षांच्या एका मुलीची. १९७०, न्यूयॉर्क. तिच्या हाडांच्या मगजातून घेतलेल्या पेशी तेव्हापासून जगभर वाढताहेत. नाव मला कुठं सापडलं नाही. चार वर्षं रोज सकाळी त्यांना खाऊ घालते, पण कुणाच्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. आजीला सांगा. — ध. (जपाचं आईनं सांगितलं नव्हतं. दोन दिवस हसते आहे. राग आहेच.)’

मी ते आजीला उभ्याउभ्या वाचून दाखवलं. ती शेंगा निवडत होती. हात थांबला.

“वाचली का ती?”

“कार्डात लिहिलेलं नाही. म्हणजे बहुधा नाही, आई.”

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, “आन तिच्या पेशी?”

“त्या आहेत. पंचावन्न वर्षं झाली. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, अजून वाढतात. त्यांच्यावर प्रयोग करून माणसं शिकतात. धनू शिकते. धनूच्या आधीही पुष्कळ शिकले. त्या पेशींच्या अंगावर तिसऱ्या जातीचे कान जास्त आहेत, असं धनूला आढळलंय.”

“तिसरा म्हंजी उठवनारा,” आजी म्हणाली. तिनं लक्षात ठेवलं होतं. मग बोटांवर काहीतरी मोजलं. “तुझा जलम सत्तरचा. ती तवा चार वर्सांची. म्हंजी तुझ्याहून थोरली की रे, भागवता. ताई म्हनला असतास तू तिला.”

खरं सांगतो, तुझं पहिलं प्रकरण मी तीनदा वाचलं. हे त्यात नव्हतं.

“नाव काय म्हनलास?”

“नाही सापडलं.”

“पंचावन्न वर्सं लेकरू राबतंय आन त्याला नाव न्हाई? कसली रं तुमची शिकलेली मानसं!” मी शिकलेल्या माणसांच्या वतीनं मान खाली घातली. “मनकर्णा म्हना तिला.”

“मनकर्णा का?”

“माझी चुलती मनकर्णा. नव्वदीत दोनदा तिच्या तिरडीला बांबू आनले. दोन्ही बारीला उठून बसली आन म्हनली, भाकरी थापल्या का न्हाई? तिच्यावानी हीबी जायची न्हाई.”

तर बारसं झालं. आत्या नव्हती, आजीनं चालवून घेतलं. आणि मग एकदम माझ्या ध्यानात आलं. आजीचा नेम आठव: गाठ बरी होईपर्यंत चहा नाही. मनकर्णाची गाठ तर बरी होणारच नाही! ती वाढतच राहणार. मी माझ्या हातानं आईचा चहा कायमचा बंद केला की काय?

“आई,” मी म्हणालो, “नेमाचं कसं करायचं?”

“नेम धनूच्या गाठीचा हुता. धनूला गाठ न्हाई. मिटलं.”

“आणि मनकर्णाची?”

“ती न्हाई बरी करायची,” आजी म्हणाली. “ती ऱ्हाऊ द्या. तेवढीच तर उरलीया ती.”

मग तिनं फळीवरचा कप उलटा होता तो सुलटा केला आणि माझ्यावर ओरडली, “बघतोस काय! गॅस लाव!”

मी चहा टाकला. साखर दुप्पट पडली, कुणी तक्रार केली नाही. मी दोन कप मांडले, तर म्हणाली, “तिलाबी.” मी तिसरा कप काढला. आजीनं कपाळाला हात लावला. “चार वर्सांच्या पोरीला कुनी च्या देतं का? तिला दूद.”

वाटीत दूध ठेवलं. आजी लागोपाठ तीन कप प्यायली, कपाळाचं फडकं सोडलं आणि गोठ्यात जाऊन म्हशीशी दोन गोड शब्द बोलली. म्हशीचा अजून विश्वास बसलेला नाही. वाटीतलं दूध मांजरानं संपवलं. आजी म्हणाली, “पोचलं.”

म्हणजे आता तू आली नाहीस तरी आजीचा चहा चालू राहील. हे तुला मुद्दाम कळवतो आहे. मागची तीन पत्रं मी आजीच्या कपाआडून लिहिली. आता आड काही नाही. तू यावंस असं मला वाटतं, एवढंच उरलं आहे.

तुझा,
मामा


शेवगाव, २२ नोव्हेंबर २०२५

चि. डॉ. धनश्री,

ही पदवी ‘चि.’च्या पुढं लावावी की मागं, ह्यावर नियम सापडला नाही. लावली.

तुझा निरोप गेल्या आठवड्यात मोबाईलवर आला. होय, मोबाईलवर. शाळेत मधल्या सुट्टीत फोन वाजला, तुझा फोटो परत जागेवर होता. त्याच नववीतल्या मुलीला दाखवलं. ती म्हणाली, “सर, ब्लॉक काढला! आता नीट वागा.” तरी हे उत्तर पत्रानंच देतो. मोबाईलवर माझी बोटं चुका करतात, आणि चुकांच्या बाबतीत माझा लौकिक तुला माहीत आहे.

नवा फ्लेक्स लागला. तू पाठवलेल्या वाक्यात मी एका अक्षराचाही बदल केलेला नाही. एका ठिकाणी स्वल्पविराम हवा होता असं माझं आजही मत आहे. पण हात मागे बांधून उभा राहिलो. गोरक्षनाथानं चिठ्ठी दिव्यासमोर धरून माशी बसून गेली नाही ना, ते पाहिलं, मग छापलं. स्टँडसमोर, दहा बाय वीस:

‘आजी मला काही झालेलं नाही. एकोणीस डिसेंबरला येते. — धनश्री’

फोटो नाही, फुलं नाहीत. शेवगावात इतका वाचला गेलेला फ्लेक्स दुसरा नाही. लोक वाचतात, आमच्या घरी येतात, आजी सगळ्यांना चहा पाजते आणि गोठ्याच्या दाखल्यानं पाच कान समजावून सांगते. हेडमास्तर तिला विज्ञान मंडळाच्या उद्घाटनाला बोलावणार आहेत. तिनं विचारलं, “मनकर्णाचा फोटू हाय का धनूकडं? पोरांना दावाया.”

म्हणून तुझा कालचा फोटो मी आधी तिला दाखवला. चपटी बाटली, तळाशी गुलाबी पाणी. आजीनं फोन डोळ्यांशी नेला. “हीच का ती?” म्हटलं, हीच. “गुलाबी झबलं घातलंय,” आजी म्हणाली, आणि पदरानं फोनची काच पुसून मला परत दिली.

मग मी चष्मा लावून बाटलीवरची चिठ्ठी वाचली. तुझं अक्षर, देवनागरीत. पदवीच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी ह्याच चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं म्हणे, हा कोणत्या पेशींचा सांकेतिक क्रमांक? आणि तू त्यांना सांगितलंस, क्रमांक नाही, नाव आहे.

येताना टोपी घालून येऊ नकोस. डिसेंबरात इथंही गारठा असतो, पण आजी स्टँडवर येणार आहे.

आणि ती चिठ्ठी. ‘मनकर्णाच्या पेशी.’ तीनदा तपासली.

षष्ठी बरोबर आहे.

तुझा,
भागवतमामा